लोणारच्या पाण्याचा डबा

लोणारहून मेहकरला निघालेल्या एसटीत एक चष्मेवाली ताई माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर थर्माकोलचा डबा. खड्डा आला की स्वतःला सावरायच्या आधी ती डब्याला धरायची. कंडक्टर म्हणाला, "सीटखाली ठेवा ना." ती नुसती हसली.

मला राहवेना. "लस हाय काय ताई यात?"

"नाही, सरोवराचं पाणी आहे. त्यातले जिवाणू तपासायला नेतेय."

"त्या खारट पाण्यात? तिथं तं मासोळीबी जगत नाही!"

"हे जगतात. आणि त्यांना मारणारे विषाणूही." बोलता बोलता ती झाकणाची चिकटपट्टी नखाने दाबत होती. "हल्ल्यातून एखादा जिवाणू वाचला, तर विषाणूचा छोटा तुकडा स्वतःत जपून ठेवतो. तो विषाणू परत आला की त्या तुकड्यावरून ओळखतो आणि कापून टाकतो. पुढच्या पिढ्यांनाही तो तुकडा मिळतो."

"अन् विषाणू बदलला तं?"

"मग पुन्हा नवा तुकडा. जो वाचेल तो ठेवेल."

मी खिशातून मिरचीचं आकसलेलं पान काढलं. कृषी केंद्रात दाखवायला नेत होतो. तिने चष्मा कपाळावर सरकवून ते बराच वेळ निरखलं.

"हाही विषाणूच दिसतोय. मागच्या वर्षी आला होता?"

"हाव. निम्मा प्लॉट गेला."

"तेव्हाचं पान ठेवलंय?"

"काऊन ठेवू? फेकलं."

तिने पान माझ्या हातात परत दिलं. मेहकरला ती डबा छातीशी धरून उतरली.

कृषी केंद्राच्या दुकानदाराने पान पाहिलं, औषधाची बाटली काढली आणि पान कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. मी वाकून ते उचललं आणि परत खिशात ठेवलं.