तरवडाचं वरचं फूल

नवरात्रात मंगरूळपीरच्या बसस्टँडवर एक म्हातारी ओल्या फडक्यावर तरवडाची पिवळी फुलं घेऊन बसायची. घटाच्या माळेपुरती फुलं दिली की एक वर टाकायची. "हे देवीचं नाही, तुह्या डोक्यात खोचाले."

एका वर्षी फडक्यावर नुसत्या वाळक्या शेंगा होत्या. रस्तारुंदीत तिची झुडपं उपटली गेली होती.

"मावशी, घटाला शेंगा कशा चालतील?"

"घटाले नाही वं, तुह्या कुंपणाले देऊन राह्यली. पेर. अन् रोज पाणी नको घालू, लाडानं सडते ते."

त्यानंतर ती दिसली नाही. आता दर नवरात्रात माझं कुंपण पिवळं होऊन जातं. शेजारणी फुलं मागतात, तेव्हा प्रत्येकीला मी एक वर टाकते. माझ्या डोक्यात खोचायचं मात्र राहून जातं.