माझं बंड आणि आप्पांची साक्ष

हसायचं नाही, या अटीवर सांगतो. तुम्ही हसणारच, ते सोडा. पण स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा तर माणसानं किती नेम धरून मारावा, हे तुम्हाला कळावं. चहा घ्या, गार होतोय.

माझी मुलगी सई. चौदा वर्षांची, इथे सिंगापूरलाच शाळेत, सेकंडरी टूला, म्हणजे आपल्याकडची आठवी. वर्ष संपताना पुढचे विषय निवडायचे असतात. आपल्या लोकांत तो प्रश्नच नसतो म्हणा. ट्रिपल सायन्स! फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, तिन्ही पूर्ण. पुण्याहून आयटीत आलेल्या मराठी माणसाच्या पोरानं दुसरं काही घेतलं, तर लोक घरी भेटायला येतात आणि हळू आवाजात बोलतात.

तर एका सोमवारी जेवताना सई म्हणाली, "बाबा, मला हिस्टरी आणि ड्रामा घ्यायचंय. कॅन?" म्हणजे चालेल का; इथल्या पोरांचं इंग्रजी असंच, शेवटी उगाच 'लाह'सुद्धा लावतात.

मी हातातला घाससुद्धा थांबवला नाही. "आधी ट्रिपल सायन्स. नाटक काय, नंतरही करता येतं."

"ओके," ती म्हणाली. ताट उचललं आणि गेली.

मला वाटलं, आता आठवडाभर भांडण चालणार. मी मुद्देसुद्धा काढून ठेवले होते. पण भांडण काही झालं नाही. किती समजूतदार मुलगी, असं मी मंजिरीला, म्हणजे बायकोला, कौतुकानं सांगितलंही.

शनिवारी सई लॅपटॉप घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. इतिहासाचा प्रोजेक्ट होता. दुसऱ्या महायुद्धानंतरची अमेरिका. पडद्यावर एकाच छापाच्या घरांची रांग. प्रत्येक घरापुढे तेवढंच गवत, प्रत्येक बापाच्या अंगात तोच राखाडी सूट, डोक्यावर तीच हॅट, आणि सगळे एकाच वेळी कामाला निघालेले. पुढच्या चित्रात त्यांची पोरं! जीन्स, वाढवलेले केस, हातात गिटार. बापाच्या तोंडावर दार आपटून निघालेली.

मी खिडकीबाहेर बघितलं. आमचं सेंगकांग उपनगर, सगळ्या इमारती एकाच साच्यातल्या. भिंतींवर ब्लॉकचे नंबर रंगवलेले नसते, तर मी कितीदा तरी दुसऱ्याच कोणाच्या घरी जाऊन जेवून आलो असतो.

"एका फॅमिली मेंबरचा इंटरव्ह्यू घ्यायचाय," सई म्हणाली. "तरुणपणी तो सगळ्यांसारखा वागला, की रिबेल होता? बाबा, तू कोण होतास?"

आता तुम्हीच सांगा. मुलगी फोनवर रेकॉर्डिंग चालू करून असं विचारते, तेव्हा कुठला बाप म्हणेल, 'मी सगळ्यांसारखा होतो'?

"मी?" मी म्हणालो. "मी तर बंडखोर!"

आणि सुटलो. कॉलेजात मी एकांकिकांची प्रकाशयोजना करायचो, हे खरं. आयुष्यभर तेच करायचं मनात होतं, हेही खरं. पुढचं मात्र तोंडाला येईल ते. म्हणे, मी आप्पांना, माझ्या वडिलांना, ठणकावून सांगितलं, "इंजिनिअरिंग गेलं खड्ड्यात!" म्हणे, मी ड्रॉइंगचा ड्राफ्टर बाल्कनीतून खाली भिरकावला. म्हणे, मी तीन दिवस घर सोडलं!

सईचे डोळे एवढाले झाले. माझ्याकडे तिनं याआधी असं कधी बघितलं होतं, मला आठवेना. खोटं सांगत नाही, तेवढ्यासाठी मी सात दिवस घर सोडल्याचंही सांगितलं असतं.

"मग तू इंजिनिअर कसा झालास?"

"तात्पुरता," मी म्हणालो.

"टीचर पुरावा मागते. विटनेस आहे?"

इथे गप्प बसायचं की नाही? पण जिभेला हाड नसतं. "आप्पांना विचार!" म्हणालो, आणि मग काय बोलून बसलो ते कळलं. बाथरूममध्ये गेलो, कडी लावली आणि आप्पांना मेसेज पाठवला. मुद्देसूद, नंबर घालून. मीटिंगच्या आधी सगळ्यांना मुद्दे पाठवायची ऑफिसची सवय, दुसरं काय?

आप्पा पुण्याला कोथरूडमध्ये असतात. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. आलेला कागद मोठ्यानं वाचल्याशिवाय त्यावर बोलायचं नाही, ही त्यांची रीत. हे मला जन्मापासून माहीत आहे. त्या बाथरूममध्ये तेवढंच नेमकं विसरलो.

व्हिडिओ कॉल लागला.

"आप्पा, बाबा रिबेल होता का?" सईनं विचारलं.

"थांब हं, बाळा. त्याच संदर्भात तुझ्या बाबाचा मेसेज आलाय." आप्पांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला लागले. "आप्पा, सई विचारेल तेव्हा खालीलप्रमाणे सांगावे. एक, मी ड्राफ्टर बाल्कनीतून फेकला होता. दोन, मी तीन दिवस घर सोडले होते. तीन, हा मेसेज सईला कळू देऊ नये."

मंजिरी ओट्याला धरून हसत होती. रेकॉर्डिंग चालूच होतं.

"ड्राफ्टर स्कूटरवरून पडला होता," आप्पा पुढे म्हणाले. "आणि ते तीन दिवस हा निगडीला आत्याकडे होता. गालगुंड झालं होतं ना! याच्या धाकट्या भावाला लागण नको म्हणून मीच सोडून आलो."

"आप्पा, पुरे!"

"थांब रे. नाटकाचं मात्र तू मला एकदा विचारलं होतंस. मी नाही म्हणालो. मग परत का नाही विचारलंस?"

"तुम्ही नाही म्हणालात म्हणून."

आप्पांनी चष्मा काढला. "अरे, पहिला अर्ज कधी मंजूर करतात का? शेरा मारून परत पाठवायचा असतो. ज्याला खरंच हवं असतं, तो पुन्हा येतो. कचेरीत जन्मभर मी हेच केलं. तुझ्या नाट्यशाळेचा फॉर्मसुद्धा आणून ठेवला होता कपाटात. तू आलाच नाहीस. म्हटलं, पोराची हौस फिटली असेल."

इतकी वर्षं मी या माणसावर मनातल्या मनात रागावलेलो होतो. माझं आयुष्य यांनी ठरवलं, असं समजत पार सिंगापूरपर्यंत आलो. आणि आड काय आलं होतं? एक प्रश्न, दुसऱ्यांदा विचारायचा. तो मला विचारता आला नाही. वाईट वाटलं हो, फार वाईट वाटलं.

फोन ठेवला. सईनं राखाडी सूटवाल्या माणसांच्या शेजारी माझा फोटो चिकटवला. ऑफिसचा, गळ्यात पास लटकवलेला.

"सॉरी हं, बाबा. एव्हिडन्स, लाह."

तेही मी सोसलं. कारण मला तोवर सोमवारचं जेवण आठवलं होतं.

"सई, ऐक. तू हिस्टरी घे. ड्रामा घे. माझी काही हरकत नाही!"

"फॉर्म काल क्लोज झाला, बाबा. मी ट्रिपल सायन्स टाकलं."

"न भांडता?"

"तू नो म्हणालास ना."

"अगं, मी आपलं उगाच म्हणालो! परत विचारायचं होतंस!"

"व्हाय?" तिला खरंच कळलं नव्हतं. "नो म्हणालास, सो ओके."

"मी सोमवारी शाळेत फोन करतो. हातापाया पडतो त्यांच्या."

"नको, लाह. माझ्या सगळ्या फ्रेंड्सनी पण तेच घेतलंय." तिनं लॅपटॉप मिटला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला किती बरं वाटलं असतं!

मंजिरीचं हसणं कधीच थांबलं होतं. ती म्हणाली, "पोरगी अगदी बापावर गेलीय."

चौदा वर्षं मी हे वाक्य कोणीतरी म्हणावं म्हणून वाट बघत होतो.