सीटबेल्टचा ठराव आणि शेवंताबाईचं टोपलं

“ट्रॅक्टरवाल्यानं पट्टा कशाला बांधायचा, ते आधी समजून सांगा,” असं एक सभासद म्हणाले, तेव्हा सभा सुरू होऊन तास उलटला होता.

मी बाजूच्या टेबलाशी बसून लिहीत होतो. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी नगरपालिकेत हेडक्लार्क होतो. गावाचं नाव लिहीत नाही. त्या सभेतली काही मंडळी अजून हयात आहेत आणि त्यांचं स्वतःबद्दल फार चांगलं मत आहे. सभेचं इतिवृत्त लिहिणं हे माझं काम. इतिवृत्त म्हणजे कोण काय बोललं, कोणी हात वर केला, कोणी विरोध केला, याची नोंद. काम सोपं आहे. अडचण एवढीच, की सभासदांना आपण बोललो ते नको असतं, आपण बोलायला पाहिजे होतं ते लिहून हवं असतं.

मागची सभा विद्यापीठ नामांतराच्या मोर्चामुळे तहकूब झाली होती, म्हणून अजेंड्यावर विषय साचले होते. नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नव्हतं. तो विषय नववा होता. पहिला विषय, गावात चारचाकी वाहनात बसणाऱ्यांना सीटबेल्टची सक्ती करण्याचा. दुसरा, दारोदार फिरून माल विकणाऱ्यांना बंदी घालण्याचा.

सीटबेल्ट हा नगराध्यक्षांचा विषय. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी नुकतीच मारुती घेतली होती आणि तिच्या पुढच्या दोन्ही सीटांना पट्टे होते. अण्णा पट्टा बांधून बाजारातून गाडी नेत आणि तो लोकांना दिसावा म्हणून भर उन्हात काच खाली ठेवत. गावात बाकी दोन डॉक्टरांच्या जुन्या गाड्या, पाच-सहा जीपा आणि कापसाचे ट्रक. त्यातल्या एकालाही पट्टा नव्हता. अजेंडा काढण्याआधी मी अण्णांना सांगितलं, की वाहनांचे नियम आरटीओकडचे, नगरपालिकेला त्यात अधिकार नाही.

“कदम, अधिकार घ्यावा लागतो,” अण्णा म्हणाले.

हे वाक्य मी नोकरीत पुष्कळांकडून ऐकलं. त्यात वकील एकही नव्हता.

दुसरा विषय उत्तमरावांचा. उत्तमराव सभासद होते आणि बाजारगल्लीत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. जुने कपडे घेऊन त्यावर भांडी देणाऱ्या बायका डोक्यावर टोपलं घेऊन गल्लोगल्ली फिरत. त्या दारात उभ्या राहिल्या की गिऱ्हाईक दुकानापर्यंत पोचत नसे. उत्तमरावांनी अर्जात मात्र वेगळंच कारण दिलं होतं. परगावच्या अनोळखी स्त्रिया भरदुपारी घरोघर फिरतात, त्यामुळे चोऱ्या वाढल्या आहेत. मी पोलीस ठाण्यात विचारून आलो. तिथल्या हवालदारानं सांगितलं की अशा बाईविरुद्ध आजवर एकही तक्रार आलेली नाही.

अशी बंदी घालायची तर उपविधी करावा लागतो. उपविधी म्हणजे नगरपालिकेनं आपल्या गावापुरता केलेला कायदा. त्याचा मसुदा लिहायचा, सभेत ठेवायचा, मग लोकांसाठी नोटीस लावायची, हरकती मागवायच्या, वरून मंजुरी आणायची. मग तो लागू. मसुदा लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं आणि उत्तमराव समोर येऊन बसले.

“कोणीच सुटायला नाही पायजे, असं लिहा.”

मी लिहिलं, विक्री, अदलाबदल, मागणी किंवा विनंती यांसाठी कोणत्याही कारणाने घरोघर जाणाऱ्या कोणत्याही व्यक्तीस परवान्याशिवाय मनाई राहील.

“हे लय रुंद होतंय,” मी म्हणालो.

“रुंदच पायजे.”

मी दिलं लिहून. सांगतील तसं लिहून देण्याची मला सवय होती. त्या काळात मी तिला शिस्त म्हणत असे.

तर त्या दिवशी सीटबेल्टवर दीड तास चर्चा झाली. ट्रॅक्टरला पट्टा लावायचा का? ट्रॉलीत बसलेल्या मजुरांना लावायचा का? नवरदेवाच्या जीपमध्ये बारा माणसं असतात, त्यांनी एका पट्ट्यात कसं मावायचं? एसटीचा विषय निघाला तेव्हा एका सभासदानं ड्रायव्हरला पट्टा आणि कंडक्टरला सवलत अशी दुरुस्ती सुचवली. मी सगळं लिहून घेत होतो. एकानंही नगरपालिकेला अधिकार आहे का, असं विचारलं नाही. शेवटी ठराव एकमतानं मंजूर झाला आणि अण्णांनी रुमालानं चेहरा पुसला.

दुसऱ्या विषयाच्या वेळी चहा आला.

“विषय वाचलेला समजावा,” उत्तमराव म्हणाले.

सभासदांनी एका हातात कप धरून दुसरा हात वर केला. एवढ्यात मागच्या खुर्चीतून आवाज आला, “मला हे पटत न्हाई.”

त्या गयाबाई होत्या. धनगर गल्लीच्या वॉर्डातून, बायकांसाठी राखीव जागेवर निवडून आलेल्या. आधीच्या सभांत त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांचे दीर सभागृहाच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि ‘वहिनीची मंजुरी हाय’ असं तिथूनच सांगत. त्या दिवशीही त्यांनी सांगितलंच.

“मी हितं बसलेय. मला इचारा,” गयाबाई म्हणाल्या. “मेंढरामागं गेलेल्या बाया बाजारात कवा जाणार? भांडीवाल्या दारात येत्यात म्हनून घेनं हुतंय. त्यायला बंदी कामून?”

“बाई, ठराव झाला,” अण्णा म्हणाले. “बसा आता.”

“मी हात वर केला न्हाई.”

“बसा म्हटलं ना.”

त्या बसल्या. मी इतिवृत्तात त्यांचा विरोध लिहिला. त्यात धाडस काही नव्हतं. त्या वेळी माझ्याकडे कोणी बघत नव्हतं, एवढंच.

तिसऱ्या दिवशी सफाईचा मुकादम आणि बाजार कारकून यांनी धनगर गल्लीत एका भांडीवालीचं टोपलं धरलं. अण्णांनी तोंडी हुकूम दिला होता. टोपलं ऑफिसच्या मागच्या खोलीत कुलूपबंद झालं आणि ती बाई थेट माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. तिचं नाव शेवंताबाई. जिंतूरकडून एसटीनं यायची. पन्नाशीची असेल. रडली नाही, ओरडली नाही.

“बाबू, माझं टोपलं धरलं. कोन्त्या कागदानं धरलं, तेवडं दावा.”

तिनं विचारलेला प्रश्न बरोबर होता. कागद नव्हता. जप्तीची पावती नव्हती, नोटीस नव्हती, कायदाच नव्हता.

“साहेबांना विचारतो,” मी म्हणालो.

आमचे साहेब म्हणजे मुख्याधिकारी. सरकारनं नेमलेले, नगरपालिकेच्या कारभाराला जबाबदार. त्यांची बदली व्हायची होती आणि ते दिवस मोजत होते.

“ठराव झालाय ना?” त्यांनी विचारलं.

“ठराव झालाय साहेब, उपविधी झाला नाही. नोटीस नाही, हरकती नाहीत, मंजुरी नाही. टोपलं धरायचा आपल्याला अधिकार नाही.”

“मग तशी टिपणी ठेवा.”

“टिपणीनं टोपलं सुटेल का?”

“माझ्यावर काही येणार नाही,” साहेब म्हणाले आणि पुढची फाईल ओढली.

मी टिपणी ठेवली. टोपलं खोलीतच राहिलं.

शेवंताबाई दर बाजाराच्या दिवशी यायची. पायरीवर बसायची. मी येता-जाताना तीच विचारायची, “कागद घावला का बाबू?” पुढे पुढे मी मागच्या दारानं जाऊ लागलो. टेबलावरून मला तिचं डोकं दिसायचं. ते दिसू नये म्हणून मी खिडकीच्या त्या बाजूला रजिस्टरांची चळत लावली. हे लिहायला बरं वाटत नाही, पण मी चळत लावली होती.

महिन्यानं पुढची सभा आली. सभेच्या सुरुवातीला मागचं इतिवृत्त वाचून कायम करतात, म्हणजे ते बरोबर आहे असं सभा मान्य करते. आदल्या दिवशी अण्णांनी मला बोलावलं. रजिस्टर त्यांच्यासमोर उघडं होतं.

“हा बाईचा विरोध कशाला लिहिला? एकमतानं लिहा.”

“पानांना नंबर आहेत अण्णा. खाडाखोड दिसेल. उद्या सभेत वाचतो. सभा म्हणाली तर दुरुस्ती करतो.”

“सभा म्हणजे मीच,” अण्णा म्हणाले. पण तेवढ्यावर सोडलं. सतरापैकी सोळा हात आपलेच आहेत, याची त्यांना खात्री होती.

त्याच दुपारी गयाबाई ऑफिसात आल्या. एकट्या.

“बाबू, त्या बंदीच्या कागदात काय काय लिवलंय, ते मला वाचून दावा. समदं.”

मी मसुदा वाचला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला.

“कोन्तीबी व्यक्ती म्हंजे बाया-गडी समदे?”

“सगळे.”

“आन इनंती म्हंजे?”

“हात जोडून काही मागणं.”

त्या डोक्यावरचा पदर नीट करून निघून गेल्या. बाहेर पायरीवर शेवंताबाईजवळ टेकलेल्या मी त्यांना पाहिलं. काय बोलणं झालं, ते ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सभा भरली.

“इतिवृत्त वाचलेलं समजावं,” अण्णा म्हणाले.

“समजू नगा, वाचा,” गयाबाई म्हणाल्या. “मला वाचता येत न्हाई. ऐकू येतंय.”

दारातून दीर म्हणाले, “वहिनी, ऱ्हाऊ द्या.” गयाबाईंनी तिकडं पाहिलंही नाही. वाचायला सांगितल्यावर मला वाचणं भाग होतं. मी दुसरा ठराव वाचला, खालचा विरोध वाचला आणि जोडलेला मसुदाही वाचला.

गयाबाई उभ्या राहिल्या. “इलेक्शनात तुमी समदे आमच्या गल्लीत आलता. हात जोडून मतं मागायला. आता फुडच्या टायमाला परवाना काडून यावं लागंल का?”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

“कदम, तसं होतं का?”

“मसुद्याप्रमाणे होतं. मतं मागायला, गणपतीच्या वर्गणीला, लग्नाची पत्रिका द्यायलासुद्धा परवाना लागेल. विनंती शब्द आहे त्यात.”

“आधी का नाही सांगितलं?”

“रुंद होतंय, असं उत्तमरावांना सांगितलं होतं. त्यांना रुंदच हवं होतं.”

मग मात्र सगळेच बोलू लागले. दोन सभासद गणेश मंडळाचे अध्यक्ष होते. एकाची मुलगी लग्नाची होती. ट्रॅक्टरला पट्टा लावावा की नाही यावर दीड तास घालवलेल्या या मंडळींच्या हातात या ठरावाचा मसुदा महिन्यापूर्वीच होता. तो त्यांनी पहिल्यांदा ऐकला, तो एका न शिकलेल्या बाईनं वाचायला लावल्यामुळे.

उत्तमराव उठले. “विनंती काढून टाका. फक्त भांडीवाल्या लिहा.”

“लिवा,” गयाबाई म्हणाल्या. “आन खाली तुमच्या दुकानाचं नाव बी लिवा. कुनासाटी बंदी घातली, ते लोकायला कळू द्या.”

एक-दोघे हसले. उत्तमराव बसले. अण्णांनी ठराव मागे घेत असल्याचं जाहीर केलं आणि सतराही हात वर गेले, उत्तमरावांचासुद्धा. शेवंताबाईबद्दल सभेत कोणी एक अक्षर काढलं नाही. ठराव पडला तो मतांच्या भीतीनं. त्यांच्या मनात दुसरं काही आलं असेल, असं मी समजत नाही.

सभा संपल्यावर मी खोलीची किल्ली मागून घेतली. टोपलं होतं तसं होतं, पण एक मोठं पातेलं त्यात नव्हतं. ते ऑफिसच्या स्टोव्हवर सापडलं. शिपायानं एका दिवसापुरतं घेतलं होतं आणि महिनाभर सभासदांचा आणि आमचा चहा त्यात होत होता. मीही प्यालो होतो.

शेवंताबाईनं पातेलं हातात घेतलं, आत पाहिलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

“धुऊन द्या.”

शिपाई माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला राख आणायला सांगितली आणि पातेलं घासायला घेतलं. तळाचा काळा थर निघेपर्यंत ती समोर उभी राहिली. मग पातेलं टोपल्यात ठेवलं, डोक्यावर घेतलं आणि स्टँडकडे गेली. मला काही बोलली नाही. बोलावं असं मी काही केलं नव्हतं.

सीटबेल्टचा ठराव मात्र कायम राहिला. अण्णांच्या सांगण्यावरून नगरपालिकेच्या जीपला ताडपत्री शिवणाऱ्याकडून पट्टे शिवून बसवले. ड्रायव्हरनं त्यातल्या एकानं न लागणारा दरवाजा बांधला. सहा महिन्यांनी कलेक्टर ऑफिसातून एका ओळीचं पत्र आलं, सदर विषय नगरपालिकेच्या अधिकारात येत नाही. अण्णांनी ते दफ्तरी लावायला सांगितलं आणि पुढच्या सभेत पुन्हा पट्ट्याच्या महत्त्वावर बोलले.

मुख्याधिकारी बदली होऊन गेले. उत्तमरावांनी दुकानावर नवा बोर्ड लावला आणि पुढे ते नगराध्यक्षही झाले. गयाबाईंना पुन्हा उभं राहू दिलं नाही. वॉर्डाचं आरक्षण बदललं आणि त्यांच्या जागी त्यांचे दीर आले. ते आता आत बसत आणि ‘वाचलेला समजावा’ म्हटलेल्या प्रत्येक विषयाला हात वर करत. शेवंताबाई मात्र पुढे कित्येक वर्षं त्याच गल्ल्यांतून फिरताना दिसे.

नोकरीत मी शेकडो सभांची इतिवृत्तं लिहिली. ठराव नीट समजून घेऊन मगच हात वर करायचा की नाही ते ठरवणारी सभासद मला एकच भेटली, आणि तिला वाचता येत नव्हतं.