बाबांनी रंगवलेला विसावा विद्वान

माझे बाबा अक्षरं रंगवायचे. चित्रं नाही, चित्रं काढणाऱ्यांची त्यांना जरा कीवच यायची. "घोडा बिघडला तर लोक गाढव समजून पुढे जातात," ते म्हणायचे, "पण 'क' बिघडला की सगळा रस्ता थांबून बघतो." दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांची दारं, गाड्यांचे नंबर, सगळं त्यांच्या हातचं. पुढे मशीनवर छापलेले फलक आले आणि एकेक गिऱ्हाईक तिकडे वळलं. बाबांच्या हाताला काम राहिलं ते दोन लॉ कॉलेजांमुळे.

ही कॉलेजं एकाच रस्त्यावर समोरासमोर होती. एकाला सगळे जुनं म्हणायचे, दुसऱ्याला नवं. नवं साठ वर्षांचं होतं. दोघांचं वैर एकाच गोष्टीवरून होतं. परदेशातली एक मोठी शिष्यवृत्ती होती. साऱ्या जगातून वर्षाला मोजकी मुलं निवडली जायची. ती मिळवलेल्या मुलांची नावं दोन्ही कॉलेजांनी आपापल्या दर्शनी हॉलमध्ये फळ्यावर लावली होती. जुन्याची एकोणीस, नव्याची अठरा.

त्या एका नावापायी काय काय चालायचं! नव्याने एका विजेत्याच्या बायकोचं नाव चढवलं, कारण बायको त्यांची विद्यार्थिनी. मग जुन्याने एका गृहस्थाला आपलं म्हटलं, जो त्यांच्याकडे फक्त परीक्षेला बसायला आला होता, कारण केंद्र तिथे होतं. नव्या कॉलेजच्या प्राचार्यबाईंनी एकदा बाबांना बाजूला घेऊन विचारलं, "त्यांची अक्षरं किती इंचांची आहेत हो?"

"बाई," बाबा म्हणाले, "अक्षराची उंची ही गिऱ्हाइकाची खासगी बाब असते."

महिन्याभराने जुन्याच्या प्राचार्यांनी तेच विचारलं. त्यांनाही तेच उत्तर मिळालं.

मग जुन्या कॉलेजला पंचाहत्तर वर्षं व्हायची आली आणि नवा फळा ठरला. आठ फुटी लाकूड, काळं पॉलिश, सोनेरी अक्षरं. नावांची यादी अजून टाइप व्हायची होती, पण प्राचार्यांना अक्षराचा नमुना त्याच दिवशी बघायचा होता. बाबांनी अगदी खालच्या ओळीवर माझ्या मामाचं पूर्ण नाव आणि आकडे कसे दिसतील म्हणून पुढे एक साल लिहिलं. नमुन्याला ते नेहमी मामाचंच नाव लिहायचे. नावात ज्ञ, मधे आजोबांच्या नावात ष्ठ आणि आडनावात क्ष. "तुझ्या भावात एवढाच एक गुण आहे," असं ते आईला ऐकवायचे.

नमुना पसंत पडला; काम संपलं की तो पुसायचा होता. बाबांनी तीन आठवडे खपून वरून खाली एकोणीस नावं उतरवली, प्रत्येकापुढे साल आणि कंसात विषय. शेवटच्या नावाचा शेवटचा काना ओढला आणि त्यांचा खांदा धरला. हात वर जाईना. पंधरा दिवस ते घरी पडून होते. तेवढ्यात सुताराने सगळ्या फळ्यावर वॉर्निश मारलं, पाहुणे आले, पडदा सरकला, हेडक्लार्कने नावं मोजली. वीस भरली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, जुन्या कॉलेजचे वीस विद्वान.

बाबा टर्पेंटाइनची बाटली आणि फडकं घेऊन धावले. शिपायाने त्यांना फळ्याला हात लावू दिला नाही. मग ते थेट प्राचार्यांकडे गेले आणि उभ्या उभ्या कबुली दिली.

"साहेब, ते शेवटचं नाव माझ्या मेव्हण्याचं आहे."

"अरे वा! अभिनंदन."

"तसं नाही साहेब. त्याला शिष्यवृत्ती मिळालेली नाही."

प्राचार्यांनी खिडकीतून समोरच्या कॉलेजकडे बघितलं. "तुम्हाला खात्री आहे?"

"तो फ्रिज दुरुस्त करतो, साहेब."

"त्याचा इथे काय संबंध? माणूस मागाहून काहीही करू शकतो." मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "हे बघा, पेपरात छापून आलंय. आता खाडाखोड केली तर बाकीच्या एकोणिसांवरही लोक शंका घेतील. तुम्ही एवढंच करा. सगळ्यांपुढे विषय आहे, यांच्यापुढे नाही. तो लिहून टाका."

"काय लिहू?"

"त्यांचा जो असेल तो. खोटं नको."

बाबा घरी आले ते न जेवताच बसून राहिले. चाळीस वर्षांत त्यांनी एक वेलांटी चुकवली नव्हती, आणि आता आठ फुटी थाप त्यांच्याच हातची, तीही आजवरच्या सगळ्यात देखण्या अक्षरात. आई म्हणाली, "अहो, साहेबांनी खरं लिहायला सांगितलंय ना? मग खरं लिहा." दुसऱ्या दिवशी बाबांनी मामाच्या नावापुढे कंसात लिहिलं, 'शीतकरण'. त्या दुपारी ते पोटभर जेवले.

मामा बातमी ऐकून इतका हसला की चहा त्याच्या नाकातून आला. "भावोजी, कोणत्या साली गेलो म्हणे मी परदेशात?" बाबांनी साल सांगितलं. "त्या साली तर मी काविळीने पडून होतो."

पण नव्या कॉलेजला हसू येणं शक्य नव्हतं. प्राचार्यबाईंनी हा विसावा कोण, याचा छडा लावायला तळघरातली जुनी रजिस्टरं बाहेर काढली. आणि त्यात मामाचं नाव सापडलं! ही गोष्ट घरात कोणी बोलत नसे. आजोबांच्या हट्टापायी मामाने तरुणपणी नव्या कॉलेजात नाव घातलं होतं. तो अकरा दिवस वर्गात बसला. बाराव्या दिवशी व्हरांड्यातला पाण्याचा कूलर बंद पडला, तो मामाने उघडला, आणि उघडल्यावर त्याला आयुष्यात काय करायचं ते कळलं. पुन्हा तो वर्गात गेला नाही.

बाईंनी बाबांना बोलावून हे नाव आपल्याही फळ्यावर लिहायला सांगितलं. बाबांनी हात जोडले आणि नमुन्यापासून वॉर्निशपर्यंत सगळं सांगितलं. बाईंनी नीट ऐकून घेतलं. त्या वकील होत्या.

"म्हणजे जुन्या कॉलेजात ते कधीच नव्हते?"

"नाही."

"आणि आमच्याकडे अकरा दिवस होते, हे खरं?"

"हो, पण शिष्यवृत्ती..."

"तो वेगळा मुद्दा. तुमचे मेव्हणे कोणत्या कॉलेजचे, एवढाच वाद असेल तर आमची बाजू भक्कम आहे."

असा मामा दोन्हीकडे लागला. 'शीतकरण' हा कायद्याचा कोणता विषय, हे विचारायची लाज कोणालाच सोडवेना. नव्याने तो ऐच्छिक विषय म्हणून सुरू केला. जुन्याने तोच सक्तीचा केला. मग मामाला नव्या कॉलेजातून व्याख्यानाचं बोलावणं आलं. तो एक जुना कॉम्प्रेसर खांद्यावर घेऊन गेला आणि उभं राहताच म्हणाला, "मला शिष्यवृत्ती-बिष्यवृत्ती काही मिळालेली नाही. मी मेकॅनिक आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतले प्राध्यापक एकमेकांना म्हणाले, "काय हा विनय!"

मग मामाने कॉम्प्रेसर उघडून दाखवला. मागे बसलेल्या एका मुलीने विचारलं, "सर, दवाखान्यातला लसींचा फ्रिज बंद पडला आणि लसी खराब झाल्या, तर जबाबदार कोण?"

"आधी प्लग बघायचा," मामा म्हणाला. "निम्म्या वेळा प्लगच निघालेला असतो. तो कोणी काढला ते शोधायचं."

सगळे हसले. ती मुलगी मात्र लिहून घेत होती. नंतर वर्षभर ती मामाच्या दुकानात यायची आणि कुठला फ्रिज कोणाच्या हलगर्जीपणाने बिघडला याच्या नोंदी करायची. त्याच विषयावर तिने शिष्यवृत्तीचा अर्ज केला. शिफारसपत्र मामाने दिलं: 'मुलगी प्रश्न चांगले विचारते. हात काळे करायला घाबरत नाही.' खाली सही, फ्रिज मेकॅनिक. आणि तिला शिष्यवृत्ती मिळाली. खरीखुरी.

ती पहिली तीन वर्षं जुन्यात आणि हॉस्टेलच्या खोलीवरून भांडण झाल्यावर पुढची दोन नव्यात शिकली होती. दोन्हीकडून एकाच दिवशी बाबांना निरोप आला, आणि दोन्ही चिठ्ठ्यांत तिच्या नावाची वेलांटी वेगळी. बाबा तिच्या घरी गेले. तिने स्वतःच्या हाताने कागदावर नाव लिहून दिलं आणि म्हणाली, "काका, हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं."

खांदा दुखत असूनही बाबांनी सकाळी जुन्यात आणि दुपारी नव्यात, दोन्हीकडे तिचं नाव लिहिलं. सारखी उंची, सारखी वेलांटी. मागे प्राचार्यबाई बोटांवर मोजत उभ्या होत्या. जुन्याची आता एकवीस झाली होती, नव्याची वीस. बाबांनी ब्रश पुसून पेटीत ठेवले तेव्हा त्या जवळ आल्या.

"तुम्ही कधी कायदा शिकला होतात का हो? आमच्याकडे, एखादा दिवस तरी?"

"नाही, बाई."

"घाई नाही," त्या म्हणाल्या. "आठवून बघा."