तीन किल्ल्यांचे लक्ष्मणराव

लक्ष्मणराव ज्याच्यावर संशय घेणार नाहीत असा माणूस भोसरीत अजून राहायला यायचाय. चहा अर्धा ठेवून गेले, तर परत आल्यावर कपातली पातळी बघतात. मी शेजारच्या टेबलावर मालाची मापं तपासते. माझ्यावरही दोनदा आळ आलाय, एकदा पेनाचा, एकदा डब्यातल्या ठेच्याचा. माणूस मूळचा बीडकडचा, पंचवीस वर्षं आमच्या वर्कशॉपात मशीन लावून देतोय. घराच्या कुलपाच्या तिन्ही किल्ल्या करदोट्याला. बायकोला, कस्तुरावहिनींना, एकही नाही. त्यांना बाजाराला जायचं तर यांची शिफ्ट नसेल तेव्हाच.

पूर्वी प्रत्येक मशीनचा प्रोग्राम लक्ष्मणराव स्वतः टाईप करायचे. गेल्या वर्षी मालकांनी, म्हणजे दादासाहेबांनी, प्रज्वल नावाचा इंजिनिअर नेमला. त्याने एकच साचा बनवला, त्यात आकड्यांच्या जागा रिकाम्या ठेवल्या. काळ्या स्क्रीनवर एक ओळ टाईप केली की संगणक एका यादीतले आकडे त्या जागांत भरून प्रत्येक मशीनची वेगळी फाईल काढायचा आणि बंद मशीनची फाईल गाळायचा. लक्ष्मणराव पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "ताई, हे माझ्या पोटावर पाय द्यायला आलंय."

आमच्या चार नंबरच्या मशीनची पकड जुनी आहे. मिनिटाला बाराशे फेऱ्यांवर माल हलतो आणि भोक मोठं पडतं. लक्ष्मणरावांना हे पाठ. दुपारच्या शिफ्टला त्यांनी चार नंबरची फाईल उघडून बाराशेचे नऊशे केले, माल चोख निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टचा चार नंबरचा सगळा माल मी बाद केला. फाईल बघितली तर पुन्हा बाराशे! त्यांनी परत नऊशे केले. सकाळी परत बाराशे, परत माल बाद.

"लक्ष्मणराव," दादासाहेब म्हणाले, "आता तिसऱ्यांदा झालं तर तुमी घरी बसा. गिऱ्हाईक तुटलं तर मला परवडायचं न्हाई."

बावन्नाव्या वर्षी त्यांना दुसरीकडे दारात कोण उभं करणार? लक्ष्मणरावांचा चेहरा उतरला, पण डोकं चालू होतं. सकाळी संगणक सुरू करतं कोण? प्रज्वल. कानात हेडफोन घालून स्क्रीनकडे बघून हसतं कोण? प्रज्वल. त्यांनी नऊशेच्या आकड्याचा मोबाईलवर फोटो काढला, कागदावर लिहून साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं होतं.

गुरुवारी आमची सुट्टी. बुधवारी संध्याकाळी त्यांनी नऊशे केले, संगणक बंद केला आणि संगणकाच्या केबिनला स्वतःच्या घरचं कुलूप लावलं. घराला कुलूप उरलं नाही, त्यामुळे गुरुवारी कस्तुरावहिनी दिवसभर घर राखत बसल्या.

शुक्रवारी सकाळी सात वाजता सगळ्यांसमोर कुलूप उघडलं. प्रज्वलला लांब उभं केलं. संगणक मी सुरू केला, फाईल मी उघडली. बाराशे.

लक्ष्मणराव खिडकीचे गज हलवून बघत होते.

"काका, तुम्ही तयार फाईलमध्ये आकडा बदलत होतात?" प्रज्वल हळूच म्हणाला. "संगणक सुरू झाला की ती ओळ आपोआप चालते, जुन्या फायली पुसून नव्या बनतात. बदल मूळ यादीत करायचा. फाईलच्या वरती लिहिलंय ना, हाताने बदलू नका."

लिहिलं होतं, इंग्रजीत, पहिल्याच ओळीत. पण आमच्या वर्कशॉपात 'हात लावू नका'च्या पाट्या जागोजागी आहेत, आणि जिथे पाटी तिथेच हात घालणं हे लक्ष्मणरावांचं पंचवीस वर्षांचं काम.

दादासाहेबांनी जुन्या माणसाला वाट करून दिली. "या पोरानं सांगाय पायजे हुतं. व्हय ना, लक्ष्मणराव?"

नुसती मान हलवली असती तर नोकरी वाचत होती. प्रज्वल पांढराफटक पडला होता.

"न्हाई दादासाहेब," लक्ष्मणराव म्हणाले. "ती ओळ म्या रोज वाचलीय. चूक माझी. घरी बसवायचं तर मला बसवा."

माझ्या सहीची मला लाज वाटली. "आधी चार नंबर चालू करा," दादासाहेब म्हणाले आणि निघून गेले.

प्रज्वलने खुर्ची दिली. लक्ष्मणरावांनी एका बोटाने यादीत नऊशे लिहिलं, हुकूम सोडला, आणि मग प्रत्येक फाईल उघडून तपासली. "बारा मशीनी, अकराच फायली? नऊ नंबरची कुठाय?"

"मशीन बंद आहे काका, म्हणून गाळली."

ते उठून नऊ नंबर खरंच बंद आहे का बघून आले. मग पाठ फिरवून करदोट्याची एक किल्ली सोडवली आणि प्रज्वलच्या हातावर ठेवली. "कुलूप केबिनलाच राहू द्या. घरी दुसरं घेतो."

शनिवारी साडेपाचला मला बाजारात कस्तुरावहिनी भेटल्या. मेथीची जुडी निवडत होत्या. लक्ष्मणराव तेव्हा कामावर होते. वहिनींच्या मंगळसूत्रात नवी कोरी किल्ली अडकवलेली होती.