मऊरानीपूरपर्यंतची स्टेशनं

एप्रिलमधल्या एका सकाळी बाबा कूलरमध्ये पाणी भरत होते. हातातली बादली सुटली. आईला हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं तर नुसतं "त... त..." निघालं. मेंदूत गुठळी झाली होती. दवाखान्यात वेळेवर पोचलो म्हणून निभावलं, पंधरा दिवसांत ते काठी घेऊन चालायलाही लागले. बोलणं मात्र गेलं. पाणी हवं असलं की "खिडकी" म्हणायचे, आणि आपण चुकीचं बोललो हे त्यांना लगेच कळायचं. तेव्हाचा त्यांचा चेहरा बघवत नसे.

डॉक्टरांनी समजावलं, "शब्द पुसले गेलेले नाहीत. तिथं जायची वाट बंद झाली आहे."

बाबा झाशीतल्या जुन्या मराठी घरातले, रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. आई मऊरानीपूरची, बुंदेली बोलणाऱ्या घरातली. बाबा आईशी हिंदीत बोलायचे, माझ्याशी मराठीत, आणि मी उत्तर द्यायचे हिंदीत. शाळेत मुलांना हिंदी शिकवण्यात माझी पंधरा वर्षं गेली होती. मराठी सगळी समजायची, पण बोलायला जीभ वळायची नाही.

वाचा सुधारण्यासाठी एक तरुण मुलगी आठवड्यातून दोनदा घरी येऊ लागली. ती बाबांना आकडे म्हणायला लावायची. "एक" असं तिनं सुरू करून दिलं की बाबा "दोन, तीन, चार" असे थेट वीसपर्यंत जायचे. आयुष्यभर नोकरी हिंदीत केली, पण आकडे आले ते मराठीत. वारही तसेच. ती मला विचारायची, "दीदी, सही बोल रहे हैं?"

"बिल्कुल सही," मी म्हणायचे. पण 'आज कोणता वार?' असं विचारलं की बाबा गप्प. ती म्हणाली, लहानपणापासून ओळीनं पाठ झालेलं मेंदूत वेगळ्या वाटेनं येतं. एकेकटा शब्द शोधायचा झाला की अडतं.

मेच्या सुरुवातीला बाबा रोज दुपारी अस्वस्थ व्हायला लागले. आईकडे बोट दाखवायचे, मग दाराकडे, मग पुन्हा आईकडे.

"बाहर जाना है?" आई विचारायची. ते जोरजोरात मान हलवून नाही म्हणायचे. भूक लागली का, दुखतंय का, सगळं विचारून झालं. एकदा त्यांनी काठी जमिनीवर आपटली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली.

मी त्यांच्याजवळ बसले. काय करावं सुचेना म्हणून सहज म्हटलं, आणि कोण जाणे कसं, मराठीत म्हटलं, "बाबा, तुमची गाडी निघाली. झाशी. पुढे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ओरछा," ते म्हणाले. मग "बरुआसागर. निवाडी." आवाज स्पष्ट, ड्यूटीवरचा. मधली लहानसहान स्टेशनंही त्यांनी सोडली नाहीत. "रानीपूर रोड," म्हणाले, आणि मग "मऊरानीपूर."

तिथं ते थांबले. मी पुढचं स्टेशन विचारणार होते, पण त्यांनी हात वर केला. पुन्हा म्हणाले, "मऊरानीपूर," आणि बोट स्वयंपाकघराकडे केलं.

"आईनं मऊरानीपूरला जायचं?"

त्यांनी डोळे मिटून मान डोलावली, एखादं जड ओझं खाली ठेवल्यासारखी.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मामाच्या मुलीचं लग्न त्याच आठवड्यात होतं. आम्ही दोघी ते विसरलो नव्हतो, पण आईनं परस्पर फोन करून येत नसल्याचं कळवलं होतं, आणि बाबांपुढं विषयही काढायचा नाही असं मला बजावलं होतं. त्यांना काही आठवत नसेल असंच आम्ही धरून चाललो होतो. पत्रिका जानेवारीत आली होती. ती त्यांच्या डोक्यात तारखेसकट शाबूत होती.

आई दारात उभी होती. "आपको याद था?" तिनं विचारलं. बाबांनी शब्द शोधला, सापडला नाही. हातानं 'जा, जा' अशी खूण केली.

"और आपको कौन देखेगा?"

"मी," मी म्हटलं. बाबा हसले, आजारपणानंतर पहिल्यांदाच. मी मराठीत उत्तर दिलं म्हणून, की आई जाणार म्हणून, ते मी विचारलं नाही.

आई सकाळच्या गाडीनं गेली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिठाईचा डबा घेऊन परतली. मग तासभर तिचं चाललं होतं: नवरदेव उंच आहे, मामा विदाईच्या वेळी फार रडला, कढी आंबट झाली होती. बाबा एकेक गोष्ट ऐकत होते आणि बरोबर जागेवर हसत होते.

याला आता दोन वर्षं होतील. शब्द परत आले, पण कुठल्याच क्रमानं नाही. 'सांडशी' आधी आली, 'पाणी' महिन्यानं. बाबा आता छोटी वाक्यं बोलतात, अर्धी मराठी, अर्धी हिंदी. मी त्यांच्याशी मराठीतच बोलते आणि शब्दाचं लिंग चुकलं की ते मला सुधारतात. माझं नाव मात्र अजून सापडत नाही. आत्याच्या नावानं हाक मारतात आणि मी जाते.