दुपारची भाकर

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं त्या काळची गोष्ट. देऊळघाटची खुर्शीदा मनियारीण डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन गावोगाव हिंडायची. नवरा हबीब दम्यानं घरीच बसलेला, म्हणून पाय तिलाच ओढावे लागत.

सकाळी काळा चहा पिऊन ती निघे. मग दिवसभर अन्नाला शिवत नसे, पाणीसुद्धा टाळायची. परक्या गावात बाईमाणसानं आडोशाला जावं तरी कुठं? दिवेलागणीला घरी आली की शिळी भाकर नि झणझणीत ठेचा भराभर गिळायची. मग पोटात आग, घशाशी आंबट पाणी. कितीक दिवस पोट साफ होत नसे. बुलढाण्याच्या दवाखान्यातली पुडी घेतली की तेवढ्यापुरतं बरं वाटे.

एका उन्हाळ्यात, शेजारच्या गावी नेहमीचं गिऱ्हाईक असलेल्या मंजुळाबाईच्या ओसरीवर बांगड्या भरता भरता तिला कळ आली. हातातली बांगडी फुटली. ती पोट धरून तशीच बसून राहिली.

"काऊन वं, जेवली नाही काय?" मंजुळाबाईनं विचारलं.

"घरी गेल्यावर जेवतो."

"अन् पानी?"

खुर्शीदानं मान खाली घातली. "पेलं का बाहीर जा लागते, माय."

मंजुळाबाईनं फुटक्या बांगडीचे तुकडे गोळा केले. मग म्हणाली, "आमच्या गोठ्यामांगं आडोसा हाये, तिकडं जात जाय. अन् दुपारची भाकर संगं आनत जाय. ताक मी देईन."

खुर्शीदाच्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, वाडग्यात मंजुळाबाई आपलं भांडं न लावता वरूनच ताक ओतायची. त्याचं वाईट वाटून घ्यायचंही त्राण खुर्शीदात उरलं नव्हतं. ओसरीच्या सावलीत बसून ती पालेभाजी-भाकर सावकाश चावून खायची. हळूहळू दुसऱ्या गावांतही तिनं अशी घरं जोडली. रात्री ठेचा बंद करून ज्वारीच्या कण्या शिजवू लागली.

"रोज बीमार का खाना पकाती क्या?" हबीब कुरकुरला.

"बीमारच हूं मैं," ती म्हणाली आणि त्याच्यापुढं ताटली सरकवली.

पावसाळा सरता सरता जळजळ उतरली, सकाळी पोट मोकळं होऊ लागलं. पायांचा शीण मात्र गेला नाही. तो अन्नानं जाणारा नव्हताच.

"आता बरं हाये काय?" मंजुळाबाईनं एकदा विचारलं.

"पोट बरं हाये," खुर्शीदा म्हणाली.

पुढच्या गावाचा रस्ता चढाचा होता. ती मधेच एका झाडाखाली टेकली, पोटभर पाणी प्याली आणि पुन्हा चालू लागली.